फेलिक्स हॉफमन : एक माणूस, दोन औषधं

शास्त्रज्ञांची चरित्रं आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. न्यूटनचं सफरचंद, एडिसनचा बल्ब, सर सी. व्ही. रामन आणि समुद्राचा निळा रंग. या यादीत फेलिक्स हॉफमन हे नाव सहसा नसतं. पण त्याच्या हातून तयार झालेलं एक औषध जगातल्या असंख्य घरांत कधी ना कधी येऊन गेलं आहे. ते म्हणजे ॲस्पिरिन. आणि याच माणसाने, त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये, दोन आठवड्यांच्या आत दुसरा एक पदार्थ तयार केला, ज्याचं नाव घेतलं की आज पोलीस आणि व्यसनमुक्ती केंद्र आठवतं. तो म्हणजे हेरॉइन.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, केमिस्ट्री सगळी इंग्रजीत. तरी ही गोष्ट मराठीतच लिहायची असं मी ठरवलं. गोळ्यांच्या पाकिटावर जे काही छापलेलं असतं ते बहुतेक इंग्रजीत, आणि त्या गोळ्या खाणारी आपल्या घरची माणसं मराठीत, झाडीबोलीत बोलणारी. मधली ही दरी कोणीतरी भरायला हवी ना?

हॉफमनचा जन्म २१ जानेवारी १८६८ चा. गाव जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग. तरुणपणी त्याने औषधांच्या दुकानांत काम केलं. तेव्हा औषधाच्या दुकानात काम करणं म्हणजे स्ट्रिप कापून देणं नव्हे, तर पावडरी कुटणं, वजन करणं, पुड्या बांधणं. तिथूनच त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली असावी. पुढे म्युनिकला त्याने औषधनिर्माण आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांचा अभ्यास केला आणि १८९३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तिथले प्राध्यापक अडोल्फ फोन बायर (यांना पुढे १९०५ चं नोबेल मिळालं) यांच्या शिफारशीने १८९४ मध्ये तो एल्बरफेल्ड गावच्या बायर कंपनीत नोकरीला लागला. नावं सारखी वाटली तरी प्राध्यापक बायर आणि कंपनीचे बायर वेगळे बरं का! दोघांचं स्पेलिंगही वेगळं आहे. म्हणजे चांगल्या कॉलेजातून पास होणं, सरांची शिफारस, मग इंडस्ट्रीत नोकरी. आपल्या फायनल इयरच्या दादा-ताईंचं स्वप्न हॉफमनने सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्ण केलं होतं!

बायर कंपनी १८६३ मध्ये सुरू झाली ती कापड रंगवण्याचे कृत्रिम रंग बनवायला. रंग बनवताना जे रसायनशास्त्र हाती आलं त्यातूनच औषधं बनवता येतात हे लक्षात आल्यावर कंपनीने औषधांचा विभाग उघडला. तिथे आर्थर आइशेनग्र्यून हा वरिष्ठ केमिस्ट नवी औषधं शोधण्याच्या कामावर होता आणि हाइनरिश ड्रेझर औषधांची तपासणी करत होता. ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण हॉफमनची कथा या दोघांशिवाय पूर्ण होत नाही.

त्या काळी सांधेदुखीवर आणि तापावर सॅलिसिलिक ॲसिड आणि त्याचे क्षार देत. त्यांचं मूळ विलोच्या सालीत. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १७६३ मध्येच विलोच्या सालीने ताप उतरतो असं लिहून ठेवलं होतं. औषध गुणाचं, पण चव घाण आणि पोटात आग. रोज मोठे डोस घेणाऱ्या रुग्णांना उलट्या होत. हॉफमनच्या वडिलांनाही सांधेदुखी होती आणि त्यांचे हाल बघून मुलाने नवं औषध शोधलं, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे. ती कितपत खरी, ते पुढे बघू.

१० ऑगस्ट १८९७ रोजी हॉफमनने आपल्या वहीत नोंद केली, की सॅलिसिलिक ॲसिडला ॲसिटिल गट जोडून शुद्ध आणि टिकाऊ पदार्थ मिळाला आहे. हा पदार्थ जगात पहिल्यांदा बनला असं मात्र नाही. फ्रान्सच्या जेरहार्टने १८५३ मध्ये तो अशुद्ध रूपात बनवला होता. हॉफमनने तो शुद्ध रूपात आणला, कारखान्यात पुन्हा पुन्हा तसाच बनवता येईल असा. आपण इंजिनीअर लोकांना हा फरक लगेच कळेल. एकदा चाललेलं मॉडेल आणि हजार वेळा तसंच चालणारं मशीन यांत किती अंतर असतं!

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हॉफमनने तीच युक्ती मॉर्फीनवर वापरली. मॉर्फीन हे अफूतलं मुख्य वेदनाशामक. त्यालाही त्याने ॲसिटिल गट जोडले. मॉर्फीनपेक्षा सौम्य आणि सवय न लावणारं काहीतरी मिळावं अशी कंपनीची अपेक्षा होती. हा पदार्थही नवा नव्हता. लंडनच्या ॲल्डर राइटने तो १८७४ मध्ये बनवून बाजूला ठेवला होता. कंपनीने त्याला नाव दिलं हेरॉइन. खोकल्याचं औषध म्हणून १८९८ पासून ते बाजारात आलं. तेव्हा क्षय आणि न्यूमोनियाने घरंच्या घरं रिकामी होत होती, त्यामुळे खोकला थांबवणारं औषध म्हणजे सोनं.

आता खरी गंमत बघा. तपासणीप्रमुख ड्रेझरला हेरॉइन पसंत पडलं आणि ॲस्पिरिन नाही! ॲस्पिरिनने हृदय कमजोर होईल अशी त्याला भीती होती. आइशेनग्र्यूनने पुढे लिहिलं, की त्याने स्वतःवर प्रयोग केला आणि मग बर्लिनच्या डॉक्टरांकडून गुपचूप चाचण्या करून घेतल्या. अहवाल उत्तम आले, तेव्हा कुठे ॲस्पिरिनची फाइल पुढे सरकली. ॲस्पिरिन हे नाव १८९९ मध्ये नोंदवलं गेलं. नावातला पहिला 'अ' ॲसिटिलचा आणि 'स्पिर' हा स्पायरिया या झाडाच्या नावातला, ज्यातूनही सॅलिसिलिक ॲसिड मिळत असे. जर्मनीत पेटंट मिळालं नाही, पण अमेरिकेत २७ फेब्रुवारी १९०० रोजी हॉफमनच्या नावे ते मिळालं.

म्हणजे ज्याला धोकादायक समजलं ते पुढे हृदयविकाराच्या रुग्णांचं औषध ठरलं, आणि ज्याला सुरक्षित समजलं त्याचं व्यसन जगभर पसरलं. हेरॉइनचा डोस वाढवत जावा लागतो आणि सोडलं की शरीर बंड करतं, हे डॉक्टरांच्या काही वर्षांतच लक्षात आलं. बायरने १९१३ मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. अमेरिकेने १९२४ मध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या बाळांनी झोपून राहावं म्हणून त्यांना अफूची गोळी चाटवत असत. बाळ रडत नाही म्हणजे बाळ बरं आहे, असा समज. दुखणं दिसेनासं होणं आणि दुखणं बरं होणं यांतला फरक तिकडे शास्त्रज्ञांना कळला नाही आणि इकडे गरीब आयांनाही. आयांना तर गिरणीच्या भोंग्यापुढे दुसरा इलाजच नव्हता.

हॉफमनचं स्वतःचं पुढे काय झालं? तो लॅबमधून कंपनीच्या औषध विक्री विभागात गेला, त्याचा प्रमुख झाला आणि १९२८ मध्ये निवृत्त झाला. लग्न केलं नाही. पुढे स्वित्झर्लंडमध्ये राहिला आणि ८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिथेच वारला. फार गाजावाजा झाला नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं ते २००२ मध्ये, मृत्यूनंतर ५६ वर्षांनी.

वडिलांच्या सांधेदुखीची गोष्ट छापून आली ती १९३४ मध्ये, म्हणजे शोधानंतर ३७ वर्षांनी. तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि आइशेनग्र्यून ज्यू होता. त्याचं नाव घेण्याची सोयच नव्हती. १९४४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्याला तेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत पाठवलं. तिथून तो जिवंत बाहेर आला आणि १९४९ मध्ये त्याने लेख लिहून सांगितलं, की ॲस्पिरिनची कल्पना आपली होती आणि हॉफमनने आपल्या सांगण्यावरून प्रयोग केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. २००० मध्ये स्कॉटलंडच्या वॉल्टर स्नीडर या संशोधकाने जुनी कागदपत्रं तपासून आइशेनग्र्यूनचा दावा खरा वाटतो असं मांडलं. बायर कंपनीला ते मान्य नाही. मला विचाराल तर प्रयोग हॉफमनचा, यात वाद नाही. पण ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाचंच नाव छापून येणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

हे सगळं वाचल्यावर मला एकच प्रश्न पडला. एकच ॲसिटिल गट, एकच माणूस, मग दोन पदार्थांची नशिबं इतकी वेगळी कशी? उत्तर मिळायला हॉफमन गेल्यावरही बराच काळ जावा लागला. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाही. या रसायनांमुळे वेदना आणि सूज वाढते, म्हणून ॲस्पिरिनने बरं वाटतं. पण हीच रसायनं पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षणही करतात. व्हेन यांना याबद्दल १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणजे पोटाची आग हॉफमनने कमी केली, पण संपवली नाही. शिवाय त्याने जोडलेला तो ॲसिटिल गट रक्तातल्या प्लेटलेट्सच्या एंझाइमला कायमचा चिकटतो. ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस, नीट काम करत नाही. म्हणूनच हृदयविकार असलेल्या आजोबांना रोज ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी पुरते. आणि म्हणूनच नको त्या माणसाला तीच गोळी रक्तस्राव घडवते.

मॉर्फीनला जोडलेल्या ॲसिटिल गटांनी वेगळंच काम केलं. त्यांच्यामुळे ते मेंदूत झपाट्याने शिरतं आणि आत गेल्यावर पुन्हा मॉर्फीनच बनतं. सौम्य औषध बनवायला गेले आणि मॉर्फीनला मेंदूपर्यंतचा एक्सप्रेस हायवे करून दिला!

आता तुम्ही म्हणाल, हेरॉइन काही आपण घेत नाही, मग आपला काय संबंध? संबंध आहे. हॉफमनच्या वहीत शेजारी असलेली ही दोन घराणी पुढे एकाच गोळीत एकत्र आली. ॲस्पिरिन आणि कोडीन, ॲस्पिरिन आणि ऑक्सिकोडोन अशा जोडगोळ्या जगभर विकल्या गेल्या. कोडीन हे मॉर्फीनचं भावंड, फ्रान्समध्ये १८३२ साली अफूतून वेगळं केलेलं. लिव्हरमध्ये त्याचा काही भाग मॉर्फीनच बनतो, कोणाच्या शरीरात कमी तर कोणाच्या जास्त. आपल्याकडे आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडी जास्त दिसते. कल्पना तीच. दोन औषधं वेगवेगळ्या मार्गांनी दुखणं कमी करतात. दोन्ही कमी मात्रेत देऊन आराम जास्त. ऑपरेशननंतर किंवा हाड मोडल्यावर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीत हे चांगलं काम करतं.

गडबड होते ती दिवस वाढले की. मेंदूवर काम करणाऱ्या औषधाची शरीराला सवय होते. आधी एका गोळीने थांबणारं दुखणं मग दोन मागतं, मग चार. मेंदू चार गोळ्यांना सरावतो, पण पोट सरावत नाही. जोडगोळीत अफूच्या कुळातला भाग वाढवला की ॲस्पिरिनही तेवढंच वाढतं. साधं गणित करा. एका गोळीत ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन असेल तर १२ गोळ्यांत ३९०० मिलिग्रॅम झालं. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४००० मिलिग्रॅम धरतात, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला त्याहून बरीच कमी. वर कोणी डोकेदुखीची साधी गोळी म्हणून आणखी ॲस्पिरिन घेतलं तर? मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. पॅरासिटामॉलच्या जोडगोळीचं गणितही हेच, फक्त तिथे पोटाऐवजी लिव्हर जातं. अमली पदार्थांच्या कायद्यात एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉलही आणलं गेलं, ते उगाच नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात याचा विचार जरा जास्तच करायला हवा. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात दिवसभर वाकून धान लावतात. तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणीत माणसं राबतात. संध्याकाळी कंबर बोलते आणि कुठून तरी एक सुटी गोळी येते. सुट्या गोळीवर नाव नाही, मात्रा नाही. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही. हॉस्टेलमध्ये तरी काय वेगळं? सबमिशनच्या रात्री डोकं दुखलं, व्हॉलीबॉलमध्ये मनगट मुरगळलं, की शेजारच्या रूममधून गोळी येते. उपाशी पोटी, चहासोबत.

त्यात पावसाळा संपता संपता डेंग्यू येतो. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी होतात, आणि ॲस्पिरिन उरलेल्यांना कामातून उठवतं. म्हणून तापाचं कारण कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात. लहान मुलांना व्हायरल तापात ॲस्पिरिन दिल्यास मेंदू आणि लिव्हरला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो, म्हणून त्यांनाही नाही. अल्सर असलेले, ॲस्पिरिनने दमा उसळणारे, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, गरोदर बाया, या सगळ्यांनी आधी विचारायचं. आजोबांची ७५ मिलिग्रॅमची गोळी मात्र हा लेख वाचून बंद करू नका. ती डॉक्टरांनी हिशेबाने दिलेली असते.

अफूच्या कुळातल्या औषधांचा धोका वेगळा. ती जास्त झाली की श्वास मंदावतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर श्वास थांबूही शकतो. अशी गोळी घेऊन बाइक चालवायची नाही, दुसऱ्याची उरलेली गोळी घ्यायची नाही, आपली कोणाला द्यायची नाही. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. शौच काळी झाली, उलटीत रक्त आलं, कानात सतत आवाज येऊ लागला, श्वास फार जलद झाला, किंवा माणूस हलवूनही जागा होत नाही आणि त्याचा श्वास संथ चालला आहे, तर १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका. आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल.

पण घाबरून अशी औषधं अजिबात नकोत म्हणणंही चूकच. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा येतात. अशा वेळी साध्या गोळीने भागत नाही. हॉस्पिटलमध्ये मॉर्फीनच्या कुळातलं औषध देणं हा व्यसनाचा नाही, तर उपचाराचा भाग असतो. कॅन्सरच्या वेदनांचंही तसंच. १९८५ च्या कायद्यामुळे हॉस्पिटलांना मॉर्फीन मिळणंच अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी मोकळी झाली. नवल म्हणजे मध्य प्रदेशात नीमचला आणि उत्तर प्रदेशात गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. आपल्याच देशात अफू पिकते आणि आपल्याच माणसाला वेदनेत तळमळत राहावं लागलं, तर त्याला काय म्हणायचं?

हॉफमन मला खलनायक वाटत नाही आणि देवमाणूसही वाटत नाही. तो एक चांगला केमिस्ट होता. त्याने दिलेलं काम नीट केलं, पदार्थ शुद्ध बनवला, वहीत तारीख टाकली. पुढे ते औषध कोणाला, किती आणि किती दिवस द्यायचं, हे त्याच्या वहीत नव्हतं. ते शिकायला जगाला कित्येक वर्षं लागली आणि अनेकांचे जीव गेले. ते शिकलेलं आज पाकिटावरच्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

तेव्हा मित्रांनो, यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. कपाटातला औषधांचा डबा काढा. प्रत्येक पाकिटावर औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते वाचा आणि आई-बाबांना, आजीला मराठीत समजावून सांगा. एकच औषध दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत सापडलं, तर दोन्ही पाकिटं डॉक्टरांना दाखवा. इंग्रजी शाळेत शिकल्याचा एवढा उपयोग तर आपल्या घराला व्हायलाच हवा!